शाल नको, तुळईखाली दोन खांब द्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या उषःकाल सोसायटीचे चेअरमन माननीय जयवंतराव, ज्यांनी हा हॉल बांधला ते इंजिनियर आणि आजचे प्रमुख पाहुणे माननीय श्यामकांतराव, बालवाडीच्या विमलाताई, व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे खाली बसलेली आणि त्याबद्दल थोडीशी रुसलेली कमिटीची मंडळी, घाटकोपर-भांडुपहून आणि काही तर बोरिवलीहून दादरला गाडी बदलून आलेले पाहुणे, माझ्या फुगडीच्या मैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच पेंगायला लागलेले आमचे हे — सगळ्यांना माझा नमस्कार.

ज्या मुलीला निरोप द्यायला आपण जमलो ती उत्तरा माझी नात. माझ्या नंदकुमारची मोठी मुलगी. एम.एस्सी. झाली, संख्याशास्त्र की काय म्हणतात त्यात. मग फोर्टात एका बांधकामाच्या हपिसात आकडेमोड करायला लागली. आता शिष्यवृत्ती मिळवून बंगळूरला चालली आहे. इमारतींना हादरे कसे बसतात, बसले तर त्या टिकतील याचा भरवसा किती, हे गणितानं कसं काढायचं त्याचं शिक्षण घ्यायला. मी स्वतः मराठी दुसरीत होते तेव्हा लग्न झालं. तिसरीचं पुस्तक माझ्या रुखवतात ठेवलं होतं, ते सासूबाईंनी कुठं ठेवलं मला आजतागायत सापडलं नाही. तेव्हा त्या आजीची नात एवढी शिकली, म्हणून मला किती आनंद झालाय ते काय सांगू! काल रात्री मी एकटीच हसत होते. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, झोपा."

आनंद आहे. खूप आहे. पण मंडळी, आज मी इथं आनंद सांगायला उभी राहिले नाही. मला राग आलाय. तो सांगायला उभी राहिले.

जयवंतराव, घंटी हातात घेऊ नका. अजून माझं एक मिनिटही झालं नसेल.

आत्ता माझ्याआधी चार भाषणं झाली. एकानं उत्तराला आपल्या सोसायटीचं भूषण म्हटलं. एकानं मुलुंडचा मानबिंदू म्हटलं. जयवंतरावांनी तर गार्गी आणि मैत्रेयी दोघींना आणून तिच्या दोन्ही बाजूंना बसवलं. शाल घातली, नारळ दिला, हार घातला. हार चांगला आहे, शेवंती ताजी आहे. पण मला एक सांगा, ह्या मुलीनं तुमच्यासाठी गेल्या वर्षभरात जे एकच काम केलं, त्याचा उल्लेख एकाही भाषणात कसा नाही? तिच्या शाळेतलं बक्षीस निघालं, तिची रांगोळी निघाली, लहानपणी ती घाणेरीची फुलं खाऊन आजारी पडली होती तेसुद्धा निघालं. आणि ज्या जमिनीवर आपण आत्ता बसलो आहोत त्या जमिनीबद्दल ती काय म्हणाली, ते कुणाच्याच तोंडून निघेना?

उत्तरा, डोळे वटारू नकोस. मला बोलायला कमिटीनंच उभं केलंय. "आजी, दोन शब्द बोला." आता हे दोन शब्द जरा लांब आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा हॉल छप्पन साली झाला. वर हॉल, खाली विमलाताईंची बालवाडी. मधे खांब नाहीत, कारण खांब असले की कार्यक्रम दिसत नाहीत आणि बालवाडीत मुलांना पळायला जागा राहत नाही. मोठी सोय! ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब तुळई, तिला हे लोक बीम म्हणतात, आणि तिच्यावर ही आपली जमीन. हॉल झाला तेव्हा मीच पहिल्यांदा म्हटलं होतं, झकास झालाय. कारण आमच्या खोल्यांत मंगळागौर होत नाही हो. दोन बायकांनी फुगडी घातली की एक कपाटावर आणि दुसरी शेजारच्यांच्या गॅलरीत. हॉल झाला आणि आम्हा बायकांना जागा झाली. सगळ्या सोसायटीतल्या, गुजरातीणी धरून, खेळायला यायला लागल्या. जागरण हल्ली कुणाला झेपत नाही, म्हणून आम्ही दुपारी जेवणं आटोपली की खेळतो आणि दिवेलागणीला मोकळ्या होतो.

गेल्या श्रावणात कुंदाची पहिली मंगळागौर होती. कुंदा, हात वर कर बघू. ही कुंदा, समोरच्या बिल्डिंगमधली सून. तिच्या मंगळागौरीला हॉल भरला होता. आणि आयांना खेळता यावं म्हणून सगळ्यांची पोरं खाली बालवाडीत विमलाताईंच्या हवाली केली होती. दर वेळी करतो तसंच. हे लक्षात ठेवा बरं का, मी ह्याच्यावर परत येणार आहे.

आम्ही खेळायला लागलो. आणि ही आमची उत्तरा काय करत होती? नवी साडी नेसून, वेणी माळून, कोपऱ्यात परात घेऊन बसली होती! पितळेची परात, काठोकाठ पाणी भरलेलं. मी म्हटलं, "अगं, खेळ की! परातीत काय बघतेस, नवरा दिसणाराय का?" सगळ्या हसल्या. ती म्हणाली, "आजी, तुम्ही खेळा. मी बघते." मला वाटलं, हिला लाज वाटते.

झिम्मा सुरू झाला. आता पुरुषांना माहीत नसेल म्हणून सांगते, झिम्मा म्हणजे वरणाला फोडणी देण्याइतका झटपट प्रकार नसतो. तो हळू सुरू होतो. गाणं संथ, पाय संथ, टाळी संथ. मग चढतो. गाणारी चढवते आणि बाकीच्या तिच्या मागं जातात. चढता चढता एक जागा अशी येते, की आपण नाचतोय की कुणी आपल्याला नाचवतंय ते कळत नाही. पायाखालची जमीन आपल्याला उचलून देते असं वाटतं. आम्हाला वाटायचं, गौरीचा अंगात संचार झाला. मंडळी, तो संचार नव्हता. ती ही जमीन होती.

परातीतलं पाणी आधी नुसतं थरथरत होतं. झिम्मा त्या जागेला आला आणि पाणी उभं राहिलं. काठावरून उडून बाहेर सांडायला लागलं. समईची ज्योत लपलपायला लागली. उत्तरा उठली आणि ओरडली, "थांबा! गाणं थांबवा!" त्याच वेळी जिन्यातून विमलाताई वर आल्या. त्यांच्या केसांवर चुना. खाली छताच्या गिलाव्याचा एक पोपडा सुटून मुलांच्या सतरंजीवर पडला होता. सतरंजीच्या कडेला, देवाची कृपा.

विमलाताई, बरोबर ना? मान हलवू नका नुसती, हो म्हणा. ...ऐकलंत सगळ्यांनी.

मग काय झालं? उत्तराचं कौतुक झालं? छे हो! कुंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "भरल्या मंगळागौरीत खेळ मोडला, अपशकुन केला." एक बाई म्हणाली, शिकल्या की मुलींना असलंच सुचतं. आणि संध्याकाळी कमिटीच्या एका सभासदानं माझ्या नंदकुमारला जिन्यात गाठून सांगितलं, "मुलीला आवरा जरा." आवरा! ती काय पसारा होती?

त्या रात्री मीच तिला विचारलं, "बाई गं, पाण्यात बघून तुला काय कळलं?" तेव्हा ती मला घेऊन झोपाळ्यापाशी बसली. म्हणाली, "आजी, झोपाळ्याला आपली एक चाल असते. तू कितीही जोर लावून भलत्याच वेळी ढकललंस तर तो अडखळतो. पण त्याच्या चालीत, तो परत येऊन निघाला की नुसतं बोट लावलंस, तरी दर खेपेला थोडा थोडा चढत आढ्याला पोचतो. जमिनीलाही तशी चाल असते. तुमचा झिम्मा चढत चढत त्या चालीला येऊन मिळतो. मग तुमचं वजन किती, हा प्रश्न राहत नाही. तुमची बोटं किती वेळा बरोबर वेळेला लागली, हा प्रश्न राहतो."

हे मला कळलं. कळायला काय झालं, मी तिला त्याच झोपाळ्यावर वाढवलीय.

मग ती कमिटीपुढं गेली. त्या मीटिंगला मी दाराशी बसले होते, कुणी उठवलं नाही. उत्तरानं मागणं काय केलं? हॉल पाडा म्हणाली नाही. म्हणाली, "खाली बालवाडीत तुळईखाली दोन खांब द्या. आणि ते होईपर्यंत वर ठेक्यावरचे खेळ नकोत. बैठका घ्या, भाषणं करा, लग्नं लावा. तुम्ही बसलात, इकडेतिकडे चाललात, तर ह्या जमिनीला काही होत नाही." एवढंच. म्हणून आत्ता घाबरू नका, भाषणानं जमीन पडत नाही. नाहीतर आजच्या पहिल्या भाषणालाच पडली असती.

श्यामकांतराव हसले. हसलात ना तुम्ही? छान हसलात. म्हणाले, "उत्तराबाई, मी तिप्पट मजबूत धरून बांधलंय. तिप्पट!" हिनं विचारलं, "तिप्पट कशाच्या?" "माणसांच्या वजनाच्या. हॉल गच्च भरला तरी त्याच्या तिप्पट." ही म्हणाली, "ती माणसं बसलेली आहेत, काका. ही नाचतात."

मग दुसरी गोष्ट निघाली, काँक्रीटची. श्यामकांतराव म्हणाले, काँक्रीटचे ठोकळे तपासून घेतले होते, उत्तम निघाले. उत्तरानं विचारलं, सगळे ठोकळे सारखेच निघाले का? नाही, थोडे कमीजास्त. मग ह्या तुळईच्या मधोमध जे काँक्रीट पडलं, ते कमीतलं की जास्तीतलं? ते कुणालाच माहीत नाही. कसं असेल? आपण बायका लाडू वळतो. तोच रवा, तेच तूप, तोच हात. तरी एक लाडू दगड होतो आणि एक ताटात ठेवताच फुटतो. तुम्ही सगळ्यात देखणा लाडू पाहुण्यांना चाखायला देता आणि म्हणता, डबा असाच आहे. मी पण असंच करते, पण मी डब्याखाली पोरं बसवत नाही.

मग जयवंतरावांनी वकिली केली. वकीलच ते. "उत्तराबाई, गोल गोल नको. हो की नाही सांगा. हॉल पडणार की नाही पडणार?" ही म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही. पडण्याची शक्यता किती, ते सांगते." झालं! सगळे सुटले. एक म्हणाले, "कुडमुड्या जोशीसुद्धा स्पष्ट सांगतो हो." दुसरे म्हणाले, "इमारत शक्यतेवर उभी नसते, पोरी, सिमेंटवर असते." श्यामकांतराव म्हणाले, "मला विचारा. मी सांगतो, नाही पडणार." आणि मग माझी उत्तरा जे म्हणाली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "काका, हो-नाही मला सांगता येत नाही. तुम्हालाही येत नाही. तुम्ही नुसतं सांगता."

अहाहा! मी दाराशी बसून पदरात हसले.

होय हो, वाजवा घंटी. आमच्या देवघरात पण आहे एक. मी ऐकते आणि पुढं बोलते.

आता शक्यतेचं सांगते, कारण इथंच सगळं अडलंय. हिला मी म्हटलं, "उत्तरा, शक्यता म्हणजे काय ते मला समजव. मला समजलं तर तुझ्या कमिटीला समजलंच पाहिजे." तिनं यांच्या सोंगट्यांच्या पटातल्या सहा कवड्या घेतल्या. म्हणाली, "टाक." मी टाकल्या. दोन उताण्या, चार पालथ्या. परत टाकल्या. परत टाकल्या. सहाच्या सहा उताण्या पडेनात. ही म्हणाली, "एकेक कवडी आपल्या मनाची आहे. म्हणून सगळ्या एकदम उताण्या पडणं दुर्मिळ. श्यामकांतकाकांनी असंच धरलंय. चाळीस बायका हॉलमध्ये चालतात, एकीचा पाय वर, एकीचा खाली, सगळ्यांचा पाय एकाच क्षणी आपटणं दुर्मिळ. सगळ्या मोकळ्या कवड्या असत्या, तर त्यांचं खरं होतं."

मग तिनं काय करावं? लाख घेतली, वितळवली आणि त्या सहा कवड्या ओळीनं एका पट्टीवर चिकटवल्या! "आता टाक." टाकली पट्टी. सहाच्या सहा उताण्या! परत टाकली. सहाच्या सहा पालथ्या. परत टाकली, परत उताण्या! मी म्हटलं, "अगं बाई!" ती म्हणाली, "आजी, गाणं म्हणजे ही लाख आहे."

हे धावत आले. "माझ्या कवड्या! कुणी केलं हे?" चार दिवस घरात अबोला. त्या कवड्या अजून तशाच पट्टीवर आहेत आणि हे आता बदामाच्या बियांनी खेळतात. अहो, उठा, तुमच्याबद्दल बोलतेय.

मंडळी, आता मघाशी म्हटलं ते आठवा. पोरं खाली विमलाताईंच्या हवाली. श्यामकांतरावांचा शेवटचा मुद्दा काय होता माहीत आहे? ते म्हणाले, "समजा काही झालंच, तरी बालवाडी सकाळची. बायका दुपारी खेळणार. त्या दिवशी पोरं खाली होती, ती चुकून. दुपारी खाली पोरं असतील आणि नेमकं त्याच वेळी वर हे होईल, असे दोन योगायोग एकत्र कधी येतात का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा पटण्यासारखा होता, मी सांगते. पण त्या खोलीत बसलेल्या एकाही पुरुषाला हे माहीत नव्हतं, की आया वर नाचतात म्हणूनच पोरं खाली असतात! योगायोग कुठला? ही दुसरी लाख! घरात पोरं कोण सांभाळतं, कधी सांभाळतं, कुणाच्या हवाली करतं, हे कधी विचारलंय कुणी? श्यामकांतराव, तुम्ही तिप्पट धरलंत. काँक्रीट धरलंत, लोखंड धरलंत, वारासुद्धा धरला असेल. आया धरायच्या राहिल्या.

उत्तरानं हे सगळं एकत्र धरलं. झिम्मा त्या चालीला पोचेल का, पोचला तर तिथं किती वेळ टिकेल, त्या दिवशी बायका किती असतील, काँक्रीट त्या जागी कसं उतरलं असेल. महिनाभर हपिसातून आल्यावर आकडे मांडत बसायची. शेवटी म्हणाली, असे शंभर हॉल असले आणि त्यांत असेच खेळ वर्षानुवर्षं झाले, तर एखादा खाली बसेल. शंभरात एक. जयवंतराव तेव्हा म्हणाले, "एवढंच ना? मग नव्व्याण्णव तर उभेच आहेत!" आणि ठराव झाला, की प्रश्न उद्भवत नाही. गिलावा लावला, चुना फासला. छत कसं बगळ्यासारखं पांढरं झालं.

शंभरात एक! बरं. मी उद्या शंभर लाडू वळते. त्यातल्या एकात मोडका खिळा घालते. कुठल्या, ते मलाही माहीत नाही. परात घेऊन तुमच्या दारात येते. जयवंतराव, त्यातला कुठला लाडू तुमच्या नातीला, पद्मजाला देऊ?

नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरंच विचारतेय हो. कुठला देऊ?

आणि म्हणे, गेल्या वर्षी हॉल कुठं पडला? त्याच्या आधीच्या वर्षी कुठं पडला? अहो, आमचे हे रोज कवड्या टाकायचे. सहाच्या सहा उताण्या दिवस दिवस पडायच्या नाहीत. म्हणून ते असं कधी म्हणाले का, की पडणारच नाहीत? उलट त्याच दानाची वाट बघत बसायचे! जुगाऱ्याला जे कळतं ते कमिटीला कळू नये? फरक एवढाच, की यांचं दान पडलं तर सोंगटी घरी जाते. तुमचं पडलं तर...

नाही. तो शब्द मी ह्या हॉलमध्ये उच्चारत नाही. शुभ कार्य आहे.

श्यामकांतराव, तुम्ही काहीतरी म्हणताय. काय? "हा विषय आजचा नव्हे." खरंच? मग मला ही निमंत्रणपत्रिका समजावून सांगा. छान गुलाबी छापली आहे. "स्वागतगीत, सत्कार, भाषणे, आणि त्यानंतर उत्तराबाईंच्या सन्मानार्थ ह्याच सभागृहात महिलांचा झिम्मा व फुगड्या." तिच्या सन्मानार्थ! जी गोष्ट इथं करू नका म्हणून ती वर्षभर हात जोडत फिरली, तीच गोष्ट, तिच्याच निरोपाला, तिच्याच डोळ्यांसमोर, तिच्या मानाची म्हणून! हे कुणाला सुचलं? मी कमिटीत विचारलं, तर एकजण हसून म्हणाले, "आजी, एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. लोकांच्या मनातली भीती जाईल." म्हणजे मुलगी गाडीत बसायच्या आधी तिला खोटी पाडायची आणि वर शाल घालायची. वा रे मान!

आणि स्वागतगीत गाणारी पोरं आत्ता कुठं आहेत? कुणी बघितलंत? गाणं झालं, टाळ्या झाल्या, मग ती जिना उतरून खाली गेली. बालवाडीत सतरंजीवर बसून गुळपापडी खाताहेत. आया वर नाचणार म्हणून. जयवंतराव, तुमची पद्मजा मघाशी मोरपिशी परकर नेसून पहिल्या ओळीत गात होती. ती आत्ता ह्या तुळईच्या बरोबर खाली आहे. पत्रिका तुम्ही छापलीत, पोरं तुम्ही बसवलीत, झिम्मा तुम्ही ठेवलात. लाखेनं चिकटवल्यासारखं सगळं एका पट्टीवर आणलंत, आणि म्हणता योगायोग येत नाही!

म्हणून मी एक सुचवते. शेवटचं सुचवते, मग खाली बसते. तुमचं समारोपाचं भाषण आहे ना? ते तुम्ही इथं करू नका. तुम्ही आणि श्यामकांतराव दोघं खाली जा. पोरांना अंगणात सोडा, आणि त्या खोलीत, तुळईच्या मधोमध, दोन खुर्च्या टाकून बसा. आम्ही सगळ्या वर झिम्मा घालतो. मनापासून घालतो, त्या जागेपर्यंत चढवतो आणि तिथंच धरून ठेवतो. तुमचं भाषण संपेपर्यंत. शंभरातले नव्व्याण्णव तुमच्याच बाजूला आहेत. चालेल?

बोला की.

श्यामकांतराव, तुम्ही तरी बोला. तिप्पट आहे ना?

...बरं. मंडळी, मी बघितलं, तुम्हीही बघितलंत. कुणी घंटीसुद्धा वाजवली नाही. माझ्या नातीनं वर्षभर गणित मांडलं, तेव्हा तुम्हाला ते पटलं नाही. आत्ता दोन खुर्च्या मांडल्या तर पटलं. मग पोरांच्या सतरंजीला वेगळं गणित का?

कुंदा, उठलीस? शाबास. तुझी दुसरी मंगळागौर ह्या श्रावणात आहे. ती खाली खांब उभे राहिले तर इथं होईल, नाहीतर माझ्या दारापुढच्या अंगणात होईल. तुझ्या सासूबाई बघ, त्या पण उठताहेत. या वहिनी. अपशकुन वगैरे मी विसरले, आज तुमच्याशी पहिली फुगडी.

अगं, थांबा थांबा! सगळ्या एकदम नाही! आणि टाळ्या नकोत, ठेक्यात तर मुळीच नकोत. जिन्यानं उतरताना आपापल्या पावलानं, गप्पा मारत, रमत गमत, घाई न करता. मोकळ्या कवड्यांसारख्या. तशी ही जमीन आपल्याला हजारदा धरेल. उत्तरा, हसतेस काय? बरोबर सांगितलं ना मी?

आता आभार मानायचे राहिले. कमिटीचे आभार, त्यांनी मला बोलायला दिलं. पुढच्या वेळी देतील असं वाटत नाही. विमलाताईंचे आभार, त्यांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं. श्यामकांतरावांचेही, त्यांनी हॉल देखणा बांधला. तो उभा राहावा अशी त्यांच्याइतकीच माझीही इच्छा आहे. नारळ आम्ही ठेवून घेतो, उत्तराला डब्यात वड्या देते. शाल मात्र परत. इथं खुर्चीवर घडी घालून ठेवली आहे. दोन खांब उभे राहिले की मला कळवा, मी स्वतः येऊन ती घेऊन जाईन आणि बंगळूरला पाठवीन. तिकडे थंडी असते म्हणतात.

बोलण्याच्या भरात कुणाच्या वयाचा, पदाचा, घंटीचा मान राहिला नसेल, तर दुसरीत शाळा सुटलेली बाई म्हणून पोटात घाला. पण राग मी परत घेत नाही. तो शालीजवळ खुर्चीवरच ठेवते.

अहो, उठा. संपलं भाषण. काठी आपटत जाऊ नका, हळू टेकवा. आणि जयवंतराव, तुम्हीही चला. समारोप अंगणात करा. बालवाडीच्या दारातून वाकून पद्मजाला हाक मारा, म्हणावं, बाहेर ये बाळ, आया आज मातीवर नाचणार आहेत.